छोट्या ओढ्यातल्या ट्राउटसाठी हलका फ्लाय रॉड आणि रीळ: ३ वेट की ४ वेट?

पिंपळपान (धागाकर्ता)

मंडळी, एप्रिलच्या मध्यावर हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात, ट्राउट या गार पाण्यातल्या माशासाठी, जायचं नक्की झालंय. बायको, मेहुणा आणि मी. पंजाब मेलने नाशिकरोडहून दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने औट, पुढे बंजार आणि गुशैणी. सात दिवस मुक्काम आहे आणि त्यातले निदान चार दिवस पाण्यात उभं राहायचं असा माझा बेत आहे. बायकोला अजून दोनच सांगितलेत.

गळ टाकणं मला नवीन नाही. दारणेवर आणि मुकण्याला तंगूस, गांडूळ, कणकेची गोळी यांवर लहानपण गेलं. आता स्पिनिंगचा रॉडही आहे. फ्लाय रॉड मात्र हातात धरलेला नाही. मुंबईच्या एका दुकानदाराने ९ फुटी ५ वेटचा काँबो सुचवला, "सगळीकडे चालतो" म्हणाला. नेटवर वाचावं तर छोट्या ओढ्याला साडेसात फुटी ३ वेट घ्या म्हणतात. रॉड, रीळ, लाईन सगळं धरून वीस हजारांच्या आत बसवायचंय. रीळवर किती घालू, रॉडवर किती? आणि नाशिकला परत आल्यावर हे सामान माळ्यावर जाणार का, हाही प्रश्न घरातून विचारला गेलाय.

सह्यकडा

जागा पकडून बसलो आहे.

वीस हजार घालायचे, सतराशे-अठराशे किलोमीटर जायचं, मासा पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा. तेवढ्यात आमच्या घरी वर्षभर सुरमई येईल हो. चालू द्या, मी वाचतोय.

फिरस्ता_उत्तर

पिंपळपान, आधी लाईन ठरवा, मग रॉड, आणि रीळ सगळ्यात शेवटी. दुकानात नेमकं उलटं होतं, कारण काचेमागे चकाकतं ते रीळ.

तुम्ही स्पिनिंग करता म्हणून तिथूनच सांगतो. स्पिनिंगमध्ये ल्युअरला, म्हणजे खोट्या आमिषाला, वजन असतं आणि ते दोऱ्याला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे पिसं-लोकर गुंडाळून किड्यासारखा केलेला हूक, त्याला वजन जवळपास नसतंच. इथे आपण जाड लाईन फेकतो आणि फ्लाय तिच्या मागोमाग जाते. त्यामुळे रॉडवरचा ३, ४, ५ हा आकडा त्या रॉडला कुठली लाईन लागते ते सांगतो. लाईनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये धरतात. ३ वेटला १००, ४ वेटला १२०, ५ वेटला १४०. ग्रॅममध्ये साधारण साडेसहा, पावणेआठ आणि नऊ.

आता ओढ्यात हिशोब करा. मासा आहे वीस फुटांवर. त्यातले साडेसात फूट लीडरचे (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा), चार-पाच फूट तुमच्या पुढे झुकलेल्या रॉडचे. टोकाबाहेर लाईन उरली सात-आठ फूट, तीही पुढे निमुळती होत गेलेली. दोन ग्रॅमच्या आतलं वजन. तुमच्या दुकानदाराचा ५ वेट, त्यातही ताठ फास्ट अॅक्शनचा असेल, तर तेवढ्या वजनाला वाकणारच नाही. तो तीस-चाळीस फुटांवर छान चालतो. ओढ्यात त्याच्याशी हाताने झटापट करावी लागते आणि लीडर गोळा होऊन पायाशी पडतो.

म्हणून ओढ्याला मऊ रॉड. पॅकेटवर मीडियम किंवा मॉडरेट अॅक्शन लिहिलेला. फायबरग्लास मिळाला तर उत्तमच, तो अगदी थोड्या लाईनवरही मुठीपर्यंत वाकतो. कार्बनमध्ये रेडिंग्टनचा क्लासिक ट्राउट याच स्वभावाचा आहे. माझं मत साडेसात फुटी ३ वेट. वीत-दीड वीत मासाही त्यावर नाचवतो.

कट्टेकरी

फिरस्ता, +१. वाचनखूण साठवली.

एक शंका. ३ वेटच्या रॉडवर ४ वेटची लाईन टाकली तर जवळच्या फेकीला बरं पडतं असं ऐकलंय. खरं का?

फिरस्ता_उत्तर

हो, एक नंबर वर चालतं, ओढ्यावर बरेच जण करतात. पण रॉड आधीच मऊ असेल तर गरज नाही. आणि हल्ली काही कंपन्या लाईन मुळातच अर्धा-एक आकडा जड बनवतात आणि डब्यावर मात्र ३ च छापतात. डब्यामागे ग्रेन लिहिलेले असतात, ते वाचा. आधीच जड असलेल्या लाईनवर अजून एक नंबर चढवलात तर रॉड नूडल होतो.

मीनाक्षी_नाशिकरोड

फिरस्ताजींचं लाईनबद्दल सगळं मान्य, शेवटची शिफारस अजिबात मान्य नाही.

तीर्थन म्हणजे ओढा नव्हे हो. गुशैणीच्या खालचं पात्र चांगलं रुंद आहे, मधे घराएवढ्या शिळा, त्यांच्या आजूबाजूला फेसाळतं पाणी आणि शिळेमागे एखाद्या सतरंजीएवढी शांत जागा. मासा त्या सतरंजीत. तुम्ही आणि तो यांच्यामध्ये वेगाने धावणारा पट्टा. त्या पट्ट्यावर लाईन पडली की पाणी तिला ओढतं आणि फ्लाय फरफटत जाते. ट्राउट असल्या फ्लायकडे बघतसुद्धा नाही. उपाय एकच, रॉड उंच धरून लाईन पाण्याबाहेर ठेवायची, फक्त लीडर शांत पाण्यात उतरू द्यायचा. इथे साडेसात फूट तोकडे पडतात. साडेआठ फुटी रॉड असेल तर आणखी एक शीळ पलीकडची जागा हातात येते.

दुसरं, दुपारनंतर खोऱ्यात खालून वर वारा सुटतो. ३ वेटची लाईन त्यात उडते, मांडीवर येऊन पडते.

गुशैणीला तीर्थनला मिळणारी फलाचन मात्र खरोखर छोटी. तिथे झाडी पाण्यावर आलेली, मागे रॉड न्यायला जागा नाही. तिथे फिरस्ताजी बरोबर. पण पिंपळपान चार दिवसांत फलाचनला किती जाणार? माझं उत्तर ८ किंवा साडेआठ फुटी ४ वेट, मीडियम अॅक्शन. आणि चार तुकड्यांचा घ्या. ८ फुटी चार तुकड्यांत दोन फुटांची नळी होते, पंजाब मेलच्या बर्थखाली सहज जाते.

फिरस्ता_उत्तर

मीनाक्षीताई, वाऱ्याचा मुद्दा घेतो. लांबीचा अर्धाच. लांब रॉड झाडीत शिरला की प्रत्येक फेकीला टोक फांदीत. मी वाकून, गुडघ्यावर बसून मासेमारी करणारा माणूस आहे, मला आखूड रॉडच सोसतो.

मीनाक्षी_नाशिकरोड

झाडीत डोक्यावरून फेकायचंच कशाला? रोल कास्ट करा. लाईन समोर पाण्यावर पडलेली असते. रॉड सावकाश मागे आणायचा, कानापाशी थांबायचं, थांबायचंच. लाईन रॉडच्या मागे पोटासारखी लोंबते, तिचं पुढचं टोक अजून पाण्याला चिकटलेलं असतं. मग पुढे झटका आणि टोक उंचावर थांबवायचं. पाण्याची पकड आहे म्हणून रॉडला वाकायला काहीतरी मिळतं, आणि लाईन पाण्यावरून गुंडाळी उलगडावी तशी पुढे जाते. मागे हातभर जागा असली तरी पुरे. गवतावर हे जमत नाही, कारण गवत लाईन धरत नाही. म्हणून सराव पाण्यावरच करा.

आणि अगदीच बोगदा असेल तर फ्लाय चिमटीत धरून, हूकचं टोक बोटाच्या बाहेर ठेवून, रॉड धनुष्यासारखा वाकवायचा आणि सोडून द्यायचा. बारा-तेरा फुटांपर्यंत जाते.

दारणाकाठचा

हे सगळं वाचून मला माझी कळकाची काठी आठवली. काठीच्या टोकाला तंगूस, तंगुसाला गळ. रीळ नाही, काही नाही. वीस फुटांवरचा मासा धरायला एवढा कारभार लागतो काय भो?

फिरस्ता_उत्तर

दारणाकाठचा, तुम्ही चेष्टेत म्हणालात पण जपानी लोक डोंगरातल्या नद्यांवर हेच करतात. तेनकारा म्हणतात. अकरा-तेरा फुटांचा दुर्बिणीसारखा मिटणारा रॉड, टोकाला बांधलेली रॉडएवढीच लाईन, पुढे टिपेट, म्हणजे शेवटचा अगदी बारीक दोरा, आणि एक फ्लाय. रीळ नाहीच. मीनाक्षीताईंच्या शिळांमागच्या सतरंजीसाठी याच्याइतकं सोपं काही नाही, कारण लाईन पाण्याला लागतच नाही. मिटवला की हातभर, सॅकमध्ये जातो. खर्चही निम्म्याहून कमी.

अडचण दोन ठिकाणी. मोठा मासा धावला तर द्यायला दोरा नाही, माशामागे आपणच धावायचं. आणि बारा फूट रॉड फलाचनच्या झाडीत उभाही राहत नाही. मेहुण्यासाठी मात्र विचार करा, अर्ध्या तासात शिकेल.

कट्टेकरी

मेहुण्याला स्वस्तातला आणि स्वतःला महागातला. घरी कोण समजावणार?

रीळबद्दल कोणीच बोललं नाही. डिस्क ड्रॅग (चकतीचा ब्रेक) हवा की साधं टकटक वाजणारं क्लिक?

फिरस्ता_उत्तर

क्लिकवालं साधं रीळ. ओढ्यातल्या ब्राउन ट्राउटला रीळवरून लढवायची वेळ क्वचित येते. डाव्या हाताने लाईन ओढून घ्यायची, मासा जाळीत. रीळचं काम लाईन सांभाळणं, आणि ती सुटताना भसकन गुंता होऊ नये एवढा रोध देणं. हार्डी कंपनीचं परफेक्ट रीळ १८९१ चं, ऑर्विसने भोकाभोकांच्या रिळाचं पेटंट १८७४ साली घेतलं. तेव्हापासून ट्राउटच्या रिळात मूळ गोष्ट फारशी बदललेली नाही, किंमत तेवढी बदलली.

बघायचं ते इतकंच. स्पूलचा मधला गाभा रुंद असावा, नाहीतर लाईन स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन निघते. मागे पन्नासेक यार्ड डॅक्रॉन बॅकिंग, म्हणजे लाईनमागचा साधा दोरा, मावावं. ते मासा लांब पळेल म्हणून कमी आणि गाभा भरावा म्हणून जास्त. रॉडला लावून मुठीच्या पुढच्या टोकाशी बोटावर तोलून पाहा. पार पुढे किंवा पार मागे कलत नसेल तर झालं. ओतीव अॅल्युमिनियमचं चालतं, फक्त दगडावर आपटू नका, फ्रेम वाकली की स्पूल घासतो. आणि हँडल डावीकडे की उजवीकडे ते आधीच बदलून घ्या.

वीस हजारांत माझी वाटणी अशी: रॉड अकरा-बारा, लाईन चार, रीळ तीनच्या आसपास, उरलेले लीडर, टिपेट, फ्लाय. मॅक्सकॅचसारख्या कंपन्यांचे काँबो याहून स्वस्त येतात आणि रॉड ठीक असतात. काँबोतली लाईन मात्र काढून चांगली घाला. परदेशातून मागवणार असाल तर कस्टमचा भुर्दंड आधी धरा.

पिंपळपान (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय पण चांगल्या अर्थाने. ८ फुटी ४ वेटकडे मन झुकतंय. लाईन वेट फॉरवर्ड की डबल टेपर? आणि लीडर बाजारातलाच घ्यायचा की आपल्या तंगुसाचा करता येईल?

मीनाक्षी_नाशिकरोड

फ्लोटिंग डबल टेपर. पहिल्या तीस फुटांत दोन्ही जवळपास सारख्याच वागतात. डबल टेपर दोन्ही टोकांना सारखी असते, एक टोक झिजलं की उलटी करून रीळवर भरायची. एका किमतीत दोन. वेट फॉरवर्डचा, म्हणजे पुढे जड असलेल्या लाईनचा, फायदा लांब फेकीला, ती आपल्याला नकोच. रंग फिकट पोपटी किंवा तसा दिसणारा घ्या, सुरुवातीला लाईन कुठे पडली हेच कळत नाही.

लीडर तंगुसाचा आरामात होतो. लाईनकडून ०.४० मिमी साधारण चार फूट, मग ०.३० दीड फूट, ०.२० एक फूट, आणि शेवटी ०.१५ चा दीड-दोन फूट. जोडाला सर्जन्स गाठ, आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर तंगूस तिथेच जळतो. शेवटचा ०.१५ म्हणजे टिपेटच्या डब्यावरचं ५ एक्स. आकडा अकरातून वजा करायचा, उरले ते इंचाचे हजारावे भाग. ५ एक्स म्हणजे ६ हजारांश इंच. फ्लायच्या नंबराला तीनने भागलं की कुठला एक्स ते कळतं. १४-१६ नंबरच्या फ्लायला ५ एक्स, १२ ला ४ एक्स.

फ्लाय थोड्याच घ्या. वर तरंगणाऱ्यांत अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणाऱ्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, दोन-तीन मण्याच्या डोक्याच्या. एप्रिलच्या गार पाण्यात बुडणारीच जास्त काम करते. काटे घरीच पक्कडीने चेपून टाका, मासा सोडायला सोपं आणि मेहुण्याच्या कानातून काढायलाही.

सह्यकडा

कान. नोंद घेतली. मी हॉटेलातच बसेन.

पण एक विचारू का, थट्टा नाही. ट्राउट काही तिथली मूळची नाही ना? मग सोडायची कशाला, खायची का नाही?

फिरस्ता_उत्तर

नाहीच मूळची. साहेबाने आणली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडकडची अंडी बर्फात घालून काश्मीरला आली, तिथून १९०९ च्या सुमारास कुलूत, कटराईंजवळच्या महिलीला हॅचरी झाली. बिआस आणि तिच्या उपनद्यांत आज दिसते ती ब्राउन तिचीच पिल्लावळ. तिथला मूळ मासा स्नो ट्राउट, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, नावापुरता ट्राउट.

खायची असेल तर खोऱ्यात रेनबो ट्राउटची शेती करणारे आहेत, त्यांच्याकडची ताजी मिळते. नदीतली सोडावी, कारण गार पाण्यात मासा हळू वाढतो. धरायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटो काढायचाच असेल तर पाण्यावर वीतभर उचलून.

दारणाकाठचा

धाग्याच्या मूळ प्रश्नातला एक भाग राहिला. नाशिकला हे सामान माळ्यावर जाणार का?

माझ्या मते नाही. चिलापी या रॉडवर फार मजा देते. संथ पाण्याच्या कडेला मणीवाली बुडणारी फ्लाय हळूहळू ओढायची. पण धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो, काठावरच्या माणसाला विचारून, चहा पाजून बसा. भांडून बसू नका, त्यांचं पोट आहे त्यावर. नांदूरमध्यमेश्वरला तर नावच काढू नका, अभयारण्य आहे. आणि गंगेवर (आपल्या गोदावरीवर), रामकुंडाच्या आसपास रॉड घेऊन गेलात तर मासा नंतर, आधी लोकच धरतील.

मरळ मात्र या रॉडवर नको. पाणवेलीत घुसली की ५ एक्सचं काय होणार ते सांगायला नको.

मीनाक्षी_नाशिकरोड

सराव आत्तापासून सुरू करा. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे, चालणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत. हूकऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. घड्याळाचा काटा दहावर असतो तिथून एकवर, मागे थांबा, लाईन सरळ होऊ द्या, मग पुढे. सगळ्यांची चूक तीच, मागे थांबत नाहीत आणि चाबकासारखा फटकारा बसतो. तीस फूट फेकायला जाऊ नका. जमिनीवर ताटली ठेवा, वीस फुटांवरून लोकर तिच्यात पडली पाहिजे. येणारे-जाणारे थांबून विचारतात काय करताय म्हणून, उत्तर आधीच ठरवून ठेवा.

रोल कास्टला मात्र पाणी लागेल, ते दारणेवर.

कट्टेकरी

परवान्याचं कोणी सांगितलं का?

मीनाक्षी_नाशिकरोड

हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो, बंजारकडेच चौकशी करा, मुक्कामाचा मालकही मिळवून देतो. ट्राउटला १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, एप्रिलला प्रश्न नाही. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मात्र गळ टाकायचा नाही. पायवाट गुशैणीच्या वर तिकडेच जाते, त्यामुळे हद्द कुठे सुरू होते ते विचारून घ्या.

पुढे मेमध्ये ऊन वाढलं की वरचा बर्फ वितळून पाणी गढूळ होतं. म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. पाणी मात्र हाड गोठवणारं असेल, साध्या चपलेने जाऊ नका. दगडांवर शेवाळ असतं, जाड फेल्टचे तळवे असलेले बूट मिळाले तर भाड्याने घ्या आणि हातात काठी ठेवा. ती काठी पाण्यात रॉडपेक्षा जास्त कामाची आहे.

पिंपळपान (धागाकर्ता)

ठरलं. ८ फुटी ४ वेट, मीडियम अॅक्शन, चार तुकडे. डबल टेपर फ्लोटिंग लाईन. रीळ साधं क्लिकचं, गाभा रुंद बघून. ५ वेटचा काँबो रद्द. मेहुण्याला तेनकारा, त्याला तो "जपानी आणि महागडा" म्हणून सांगणार आहे, कृपया इथे कोणी उघड करू नका, तो वाचनमात्र सदस्य आहे.

फिरस्ता, तुमच्या ३ वेटबद्दल मनात अजून खुमखुमी आहे, पण पहिला रॉड एकच असणार आणि वारा असणार, म्हणून ताईंचं ऐकतो.

शेवटचा प्रश्न: परवाना प्रत्येकाचा वेगळा लागतो का? आणि तेनकाराला पण लागतो का?

मीनाक्षी_नाशिकरोड

माणशी वेगळा. रॉडला रीळ आहे की नाही हे कोणी विचारत नाही, पाण्यात गळ आहे ना, मग परवाना हवा. ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स नाशिकहूनच घेऊन निघा.